क्यूओएस म्हणजे काय? गहुंज्याचा सिक्सर उशिरा का दिसतो आणि व्हिडिओ कॉल का तुटतो

१९ ऑक्टोबर २०२३. गहुंज्याच्या स्टेडियमवर वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच. विराट कोहलीने सिक्सर मारला, मॅच जिंकून दिली आणि त्याच फटक्यात स्वतःचं शतकही पूर्ण केलं. आम्ही आकुर्डीकर, म्हणजे स्टेडियम घरापासून दहाएक किलोमीटरवर. तरी मोबाईलवर मॅच बघणाऱ्याला नेहमीचा अनुभव काय? बॉलर अजून रनअप घेतोय आणि शेजारच्या घरातून ओरडा ऐकू येतो. त्यांच्याकडे डीटीएच आहे. त्यांचा सिग्नल ३६,००० किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जातो, तेवढाच खाली येतो, आणि तरीही तुमच्या आधी पोहोचतो.

आता दुसरी गंमत बघा. त्याच मोबाईलवरून, त्याच नेटवर अमेरिकेतल्या ताईला व्हिडिओ कॉल लावा. तिचं बोलणं अर्ध्या सेकंदाच्या आत तुमच्या कानावर येतं. मग आपलं नेट फास्ट आहे की स्लो?

हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. दोन्ही ॲप्सनी नेटकडून वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या आहेत. मॅचच्या ॲपने मागितलंय, "उशीर झाला तर चालेल, पण मध्ये अडकायला नको." कॉलच्या ॲपने मागितलंय, "चित्र खराब झालं तर चालेल, पण उशीर नको." ही मागणी नीट, आकड्यांत लिहून ठेवणं म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस स्पेसिफाय करणं. थोडक्यात क्यूओएस, मराठीत सेवेचा दर्जा. ही मागणी कोण लिहितं, कुठे लिहितं आणि नेटवर्क ती ऐकतं का, हे या लेखात बघूया.

## मला हे कधी कळलं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आकुर्डी स्टेशनजवळ तीन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहत होतो. एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. आधी स्पीड टेस्ट केली, ४० एमबीपीएस आलं, निवांत झालो. इंटरव्ह्यू सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला माझा आवाज तुटायला लागला. उत्तर येत होतं, पण समोर पोहोचत होते फक्त अर्धे शब्द. तिसऱ्यांदा "कॅन यू रिपीट?" झाल्यावर समोरचे म्हणाले, इथेच थांबूया. नोकरी गेली.

नंतर कळलं की त्याच वेळी एका रूममेटच्या फोनमधून सहलीचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर बॅकअप होत होते. डाऊनलोड ४० एमबीपीएस होतंच, पण अपलोडचा रस्ता पूर्ण भरला होता आणि माझा आवाज त्याच रस्त्याने जात होता. आवाजाला लागतं किती? साधारण ०.०५ एमबीपीएस. माझ्याकडे त्याच्या आठशे पट "स्पीड" होता आणि त्याचा उपयोग शून्य झाला. तेव्हापासून स्पीड टेस्टच्या एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

## क्यूओएसचे पाच आकडे

नेटवरून आवाज किंवा व्हिडिओ जातो तो छोट्या छोट्या पाकिटांतून, म्हणजे पॅकेट्समधून. कॉलमध्ये साधारण २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पॅकेट बनतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट्स. या पॅकेट्सचं रस्त्यात काय होतं ते पुढचे आकडे सांगतात.

१. बँडविड्थ. सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो. यालाच आपण "स्पीड" म्हणतो. डाऊनलोड आणि अपलोडची बँडविड्थ वेगळी असते आणि मोबाईल नेटवर अपलोड बहुतेक वेळा बरीच कमी असते.

२. डिले किंवा लेटन्सी. पॅकेट निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १३,००० किलोमीटरवरच्या अमेरिकेतल्या शहरापर्यंत जायला किमान ६५ मिलिसेकंद लागणारच, कितीही महागडा प्लॅन घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, म्हणजे आयटीयूची जी.११४ ही शिफारस सांगते की एका बाजूचा डिले १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना बोलताना अडचण जाणवत नाही. ४०० च्या वर गेला की दोघं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात.

३. जिटर. डिलेमधला चढउतार. पीएमपीएमएलची बस दर वीस मिनिटांनी सुटते, पण स्टॉपवर कधी दहा मिनिटांनी येते, कधी पन्नास मिनिटांनी, कधी दोन एकदम येतात. पॅकेट्सचंही तसंच. यावर उपाय म्हणून ॲप आलेली पॅकेट्स थोडा वेळ थांबवून ठेवतं आणि मग सारख्या अंतराने वाजवतं. त्या थांब्याला जिटर बफर म्हणतात. बफर मोठा केला की आवाज गुळगुळीत होतो, पण उशीर वाढतो.

४. पॅकेट लॉस. शंभरातली किती पॅकेट्स पोहोचलीच नाहीत. फाईल डाऊनलोड करताना हरवलेलं पॅकेट परत मागवता येतं. लाइव्ह कॉलमध्ये ते परत येईपर्यंत वाक्य संपलेलं असतं, त्यामुळे ॲप बहुतेक वेळा आजूबाजूच्या आवाजावरून ती जागा भरून काढतं. थोडा लॉस कानाला कळतही नाही. सलग चार-पाच पॅकेट्स गेली की शब्द गेला.

५. सिंक. आवाज आणि चित्र एकत्र आहेत का. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी लोकांना कळतं, पण मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. कारण सोपं आहे. लांबून बॅट लागताना आधी दिसते, आवाज नंतर येतो, याची आपल्याला जन्मापासून सवय असते. आवाज आधी यायची सवय नसते.

## प्रत्येक ॲपची भूक वेगळी

४जी नेटवर्कसाठी थ्रीजीपीपी या संस्थेने कामांचे वर्गच करून ठेवले आहेत. प्रत्येक वर्गाला एक नंबर आहे, त्याला क्यूसीआय म्हणतात. त्यातले काही बघा. यातला डिले म्हणजे फोनपासून कंपनीच्या गेटवेपर्यंतचा जास्तीत जास्त अपेक्षित वेळ.

| काम | वर्ग | डिले | चालणारा लॉस |
|---|---|---|---|
| फोनवरचं बोलणं | १ | १०० मिलिसेकंद | १०० पैकी १ |
| व्हिडिओ कॉल | २ | १५० मिलिसेकंद | १००० पैकी १ |
| ऑनलाइन गेम | ३ | ५० मिलिसेकंद | १००० पैकी १ |
| साठवून दाखवायचा व्हिडिओ | ४ | ३०० मिलिसेकंद | १० लाखांपैकी १ |
| बाकी सगळं इंटरनेट | ९ | ३०० मिलिसेकंद | १० लाखांपैकी १ |

गेमला सगळ्यात कमी डिले हवा, पण डेटा फार लागत नाही. व्हिडिओला डेटा भरपूर लागतो, पण तो थांबायला तयार असतो. बोलण्याला शंभरात एक पॅकेट हरवलं तरी चालतं. म्हणजे "चांगलं नेट" अशी एकच गोष्ट नसते. कशासाठी चांगलं, हे आधी सांगावं लागतं.

## "स्पेसिफाय" करायचं म्हणजे नेमकं काय

व्हिडिओ कॉल, लाइव्ह मॅच, ऑनलाइन क्लास यांना डिस्ट्रिब्युटेड मल्टिमीडिया ॲप्लिकेशन म्हणतात. नाव जड आहे, अर्थ साधा आहे. ॲपचे तुकडे वेगवेगळ्या मशीनवर चालतात. कॅमेरा तुमच्या फोनमध्ये, मधला सर्व्हर कदाचित मुंबईत, बघणारा नागपुरात. साखळीतली एक कडी ढिली पडली तरी दोष सगळ्या कॉलला लागतो. म्हणून दर्जाची मागणी तीन पातळ्यांवर लिहावी लागते.

यूजरची पातळी. इथे आकडे नसतात, माणसाची गरज असते. "आवाज महत्त्वाचा, चेहरा थोडा अस्पष्ट चालेल, डेटा कमी जाऊदे."

ॲपची पातळी. तीच गरज ॲपच्या भाषेत. व्हिडिओ ६४० बाय ३६०, सेकंदाला २० फ्रेम्स, आवाज ३२ केबीपीएस. आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे जमत नसेल तर काय करायचं: आधी फ्रेम्स कमी करा, मग रिझोल्यूशन, मग व्हिडिओ बंद करा. आवाजाला हात लावू नका.

सिस्टीमची पातळी. हे सगळं चालवायला काय लागेल? इतकी बँडविड्थ, इतका डिले, इतका प्रोसेसर, इतकी मेमरी. फोन तापला आणि प्रोसेसर मंदावला तरी व्हिडिओ अडकतो, नेट कितीही चांगलं असो.

हे वेबसाठी व्यवस्थित लिहून ठेवायचे प्रयत्न जुने आहेत. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जून १९९८ मध्ये स्मिल नावाची भाषा प्रमाण केली. त्यात "स्विच" नावाचा टॅग होता: नेट इतक्या बिटरेटचं असेल तर मोठा व्हिडिओ दाखव, नाहीतर छोटा दाखव. पुढे २००० नंतर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी एचक्यूएमएल नावाची एक्सएमएलवर आधारित भाषा मांडली. वरच्या तीन पातळ्या हीच त्या भाषेची रचना. वेब ॲप बनवणाऱ्याने एचटीएमएलसारखंच टॅग वापरून दर्जा लिहायचा, अशी कल्पना होती. एचक्यूएमएल आज कोणी वापरत नाही. पण तिच्यातला विचार तुमच्या फोनमध्ये रोज चालतो.

## तुमच्या फोनमध्ये हे कुठे लिहिलेलं असतं

लाइव्ह मॅच आणि सिनेमा: शिडीची यादी. तुम्ही प्ले दाबलं की फोनमध्ये आधी व्हिडिओ येत नाही, एक छोटी मजकुराची फाईल येते. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रमाण झालेली डॅश, या दोन पद्धती सगळीकडे वापरल्या जातात. त्या फाईलमध्ये यादी असते: २४० पी ला इतका बिटरेट, ४८० पी ला इतका, ७२० पी ला इतका. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्लेअर प्रत्येक तुकड्याआधी बघतो की मागचा तुकडा किती वेळात आला, आणि मग शिडीची पायरी वर किंवा खाली जातो. क्वालिटीमध्ये "ऑटो" निवडलं की हेच चालू असतं.

गहुंज्याच्या सिक्सरचं कोडंही इथेच सुटतं. ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्यांची आहे आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागून सुरुवात करतो. म्हणजे १८ सेकंद इथेच गेले. त्यात एन्कोडिंग आणि सर्व्हरपर्यंतचा प्रवास मिळवा. उपग्रहाच्या ७२,००० किलोमीटरला लागतो पाव सेकंद. तुमचा वेळ अंतरामुळे जात नाही, मुद्दाम साठवलेल्या बफरमुळे जातो. तो बफर नसता तर रेंज जरा कमी झाली की मॅच अडकली असती. लाखो लोकांनी एकदम बघायच्या गोष्टीसाठी हा सौदा वाईट नाही. फक्त शेजाऱ्यांकडे डीटीएच नसावा.

व्हिडिओ कॉल: अटींची यादी. ब्राउझरमधले कॉल वेबआरटीसी या तंत्रावर चालतात. गूगलने ते २०११ मध्ये खुलं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत प्रमाण झालं. यात ॲप बनवणारा कॅमेऱ्याकडे चार शब्दांत मागणी करू शकतो: मिन, मॅक्स, आयडियल आणि एक्झॅक्ट. "रुंदी आयडियल १२८०, मिन ६४०" असं लिहिलं तर ब्राउझर १२८० च्या जवळ जायचा प्रयत्न करतो, पण ६४० च्या खाली जात नाही. "एक्झॅक्ट १९२०" लिहिलं आणि कॅमेऱ्याला ते जमलं नाही तर थेट एरर येते. हट्ट किती धरायचा, हेसुद्धा स्पेसिफिकेशनमध्येच असतं.

दुसरी सोय आहे नेट कमी पडल्यावर काय सोडायचं ते ठरवण्याची. पर्याय तीन: फ्रेमरेट सांभाळा, रिझोल्यूशन सांभाळा किंवा दोन्ही थोडं थोडं कमी करा. कबड्डीची मॅच दाखवायची असेल तर फ्रेमरेट हवा, नाहीतर रेड कुठे संपली कळणार नाही. क्लासमध्ये सर स्क्रीनवर कोड दाखवत असतील तर रिझोल्यूशन हवं, कारण सेमिकोलन दिसला पाहिजे. एखाद्या ॲपमध्ये स्क्रीन शेअर केल्यावर अक्षरं धूसर दिसत असतील तर नेहमी नेटचा दोष नसतो. कोणीतरी चुकीचा पर्याय निवडलेला असू शकतो.

आवाज. वेबआरटीसीमध्ये आवाजासाठी ओपस हा कोडेक वापरतात. २०१२ मध्ये प्रमाण झालेला हा कोडेक ६ पासून ५१० केबीपीएसपर्यंत कुठेही चालतो. हिशोब करून बघा. ३२ केबीपीएसने २० मिलिसेकंदांचा आवाज होतो ८० बाइट. त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ यांची ४० बाइटची वेष्टनं. एकूण १२० बाइट, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे ४८ केबीपीएस. तासाभराचं बोलणं एका बाजूने २२ एमबीच्याही आत. व्हिडिओच्या तुलनेत आवाज इतका स्वस्त असतो, म्हणून अडचणीत आधी व्हिडिओ सोडायचा.

## नेटवर्क हे सगळं ऐकतं का?

बहुतेक वेळा नाही. आणि यामागे एक इतिहास आहे.

पहिला विचार होता रिझर्व्हेशनचा. १९९४ मध्ये इंटसर्व्ह आणि १९९७ मध्ये आरएसव्हीपी ही पद्धत आली. कॉल सुरू व्हायच्या आधी रस्त्यातल्या प्रत्येक राउटरला सांगायचं, "माझ्यासाठी इतकी जागा ठेव." डेक्कन क्वीनचं आरक्षण करतो तसं. पण इंटरनेटच्या मोठ्या राउटरमधून एका वेळी लाखो कॉल जातात. प्रत्येकाचं आरक्षण लक्षात ठेवणं त्यांना परवडेना.

मग १९९८ मध्ये डिफसर्व्ह आलं. आरक्षण नाही, नुसता डबा ठरवायचा. प्रत्येक पॅकेटवर एक खूण. आवाजाच्या पॅकेटवर ४६ नंबरची खूण असेल तर राउटरने त्याला आधी सोडायचं. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या आतल्या नेटवर्कमध्ये हे छान चालतं. पण पॅकेट बाहेरच्या इंटरनेटवर गेलं की पुढच्या कंपनीने ती खूण मानायलाच हवी असं नाही. नाहीतर प्रत्येकाने आपल्या प्रत्येक पॅकेटवर ४६ लिहिलं असतं.

एका ठिकाणी मात्र आरक्षण खरंच मिळतं: व्होएलटीई कॉल, म्हणजे ४जी वरचा आपला साधा फोन कॉल. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं ते फक्त ४जी वर, त्यामुळे व्होएलटीई आपल्याकडे घरोघरी पोहोचलं. तुम्ही डायल केलं की नेटवर्क तुमच्यासाठी वेगळी वाट उघडतं, वरच्या तक्त्यातला वर्ग १. ॲपवरचा कॉल मात्र सहसा "बाकी सगळं इंटरनेट" या वर्गातच जातो, शेजाऱ्याच्या रील्सबरोबर.

म्हणूनच लोणावळा लोकलमध्ये आकुर्डी सोडून देहूरोड, तळेगावकडे जाताना ॲपवरचा कॉल तुटतो, पण साधा कॉल तग धरतो. फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा दोन्ही कॉलना धक्का बसतो, पण गर्दीच्या टॉवरवर पोहोचल्यावर एकासाठी जागा राखलेली असते, दुसऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं.

घरातल्या वाय-फायमध्येही अशा चार रांगा असतात: आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि मागे चालणारी कामं. पण त्या फक्त फोन आणि राउटर यांच्यामधल्या हवेपुरत्या. राउटरच्या पुढे तुमचा रस्ता परत एकच.

## कायदा काय म्हणतो

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. पहिली म्हणजे किमान दर्जा. ट्रायने २ ऑगस्ट २०२४ ला दर्जाचे नवे नियम जाहीर केले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. मोबाईल डेटासाठी लेटन्सी, जिटर आणि पॅकेट ड्रॉप हे आकडे कंपन्यांना मोजावे लागतात, आणि कुठे २जी, ४जी, ५जी मिळतं याचे नकाशे वेबसाईटवर ठेवावे लागतात. ब्रॉडबँड म्हणायचं असेल तर किमान डाऊनलोड २ एमबीपीएस हवं, हे सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ठरवलं. पण लक्षात ठेवा, ट्रायचे हे आकडे मोठ्या भागाची सरासरी असतात. तुमच्या इंटरव्ह्यूच्या अर्ध्या तासाची ती हमी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने ठराविक वेबसाईटसाठी वेगळा डेटा दर लावायला बंदी घातली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची चौकट मंजूर केली. म्हणजे "आमच्या ॲपला फास्ट लेन द्या, बाकीच्यांना अडवा" असा सौदा कंपन्यांना करता येत नाही. पण गर्दी सांभाळण्यासाठी वाजवी व्यवस्था करायला परवानगी आहे.

हा प्रश्न मॅचपुरता नाही. १३ एप्रिल २०२० ला ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली, सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली. तिथे रेंज कमी झाल्यावर रुग्णाचा चेहरा सोडायचा की आवाज? खोकल्याबद्दल बोलताना आवाज हवा, अंगावरचा चट्टा दाखवताना स्पष्ट चित्र हवं. एकच उत्तर सगळीकडे चालत नाही.

## इंटरव्ह्यूच्या आधी: तुमचं स्वतःचं स्पेसिफिकेशन

नेटवर्क ऐकत नसेल तर मागणी कमी करणं आणि रस्ता मोकळा ठेवणं आपल्या हातात असतं. मी आज करतो ते असं.

१. आधी प्राधान्य ठरवा. इंटरव्ह्यू: आवाज, मग स्क्रीन, मग चेहरा. व्हायवा: आवाज, मग चेहरा. गरबा किंवा झुंबाचा क्लास: फ्रेमरेट आधी.

२. अपलोड आणि लोडमधली लेटन्सी बघा. फास्ट डॉट कॉम उघडा आणि जास्त माहितीचं बटण दाबा. तिथे अनलोडेड आणि लोडेड अशा दोन लेटन्सी दिसतात. पहिली ३० आणि दुसरी ४०० मिलिसेकंद असेल तर राउटरमध्ये रांग साचतेय. स्पीड कितीही दिसो, कोणी अपलोड सुरू केलं की तुमचा आवाज तुटणार.

३. बॅकअप थांबवा. फक्त तुमच्या फोनचा नाही, त्याच वाय-फायवरच्या सगळ्यांचा. रूममेट्सना अर्ध्या तासाची विनंती करा. लाजू नका, मी लाजलो होतो.

४. राउटरमध्ये क्यूओएसची सेटिंग असेल तर आपल्या लॅपटॉपला वरचं प्राधान्य द्या आणि अपलोडची मर्यादा खऱ्या अपलोडपेक्षा थोडी कमी ठेवा. मग रांग साचतच नाही.

५. दुसरा रस्ता तयार ठेवा. मीटिंगला फोन नंबरवरून जोडायची सोय असेल तर नंबर आधीच लिहून ठेवा. व्हिडिओ लॅपटॉपवर, आवाज व्होएलटीईवर.

६. तुटायला लागलं की पहिल्याच मिनिटाला सांगा, "मी व्हिडिओ बंद करतोय, आवाज चालू राहील." समोरच्याला कळायला हवं की अडचण नेटची आहे, उत्तराची नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

५जी घेतलं की क्यूओएसचे प्रश्न संपतील?
नाही. हवेतला भाग सुधारतो, गर्दी आणि अंतर तिथेच राहतं. ५जी मध्ये नेटवर्क स्लाइसिंग नावाची सोय आहे, म्हणजे एकाच नेटवर्कमधून ठराविक कामासाठी वेगळा पट्टा कापून देता येतो. पण तो पट्टा कंपनी देते, फोन आपोआप घेत नाही.

दिवसाला दीड जीबीमध्ये किती वेळ व्हिडिओ बघता येईल?
दीड जीबी म्हणजे सुमारे १२,००० मेगाबिट. १ एमबीपीएसचा व्हिडिओ असेल तर ३ तास २० मिनिटं. २.५ एमबीपीएसला फक्त ८० मिनिटं, म्हणजे एकदिवसीय मॅचची एक इनिंगही होत नाही. "ऑटो" ऐवजी ४८० पी निवडणं हेही क्यूओएस स्पेसिफाय करणंच आहे.

व्हॉट्सॲपमध्ये "कॉलसाठी कमी डेटा वापरा" चालू ठेवावं का?
डेटा संपत आला असेल किंवा रेंज कमी असेल तर ठेवा. चांगल्या वाय-फायवर गरज नाही.

युट्युबवर हे आकडे बघता येतात का?
हो. सेटिंग्जमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. त्यातला बफर हेल्थचा आकडा बघा. पुढचे किती सेकंद आधीच येऊन पडलेत ते तिथे दिसतं. तो शून्याकडे जायला लागला की गोल फिरणारं चाक येणार.

गेममध्ये पिंग कमी दाखवतं, तरी अडकतं. का?
पिंग बहुतेक वेळा सरासरी दाखवतं. जिटर आणि लॉस त्यात लपतात. दोन्ही वेगळे दाखवणारी स्पीड टेस्ट वापरा.

## लक्षात ठेवायचं एवढंच

नेट कमी पडणार, हे गृहीतच धरायचं असतं. क्यूओएसचा खरा प्रश्न "किती मिळेल" हा नाही, "कमी मिळालं तर आधी काय सोडायचं" हा आहे. तुम्ही ते ठरवलं नाही तर ॲप ठरवतं, ॲपने ठरवलं नाही तर गर्दीतला राउटर ठरवतो, आणि त्याला तुमचा इंटरव्ह्यू आणि रूममेटचे फोटो यातला फरक कळत नाही. पुढच्या कॉलच्या आधी दोन मिनिटं काढून वरच्या सहा पायऱ्या एकदा करून बघा.